कासव काही जाणतं होईना

कासवाचा मला राग येतो असं म्हटलं की लोक हसतात. त्या बिचाऱ्यानं तुझं काय केलं, म्हणतात. काही केलं नाही, हेच तर! खाल्लं, निजलं, डोकं आत ओढून घेतलं, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं परड्यातल्या केळीखाली ढिम्म बसून राहिलं. त्याच्या सावकाशपणाचं कुणी माझ्यासमोर कौतुक केलं तर आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी खानापूरकडची. वडिलांनी हौसेनं चार अक्षरं शिकवली आणि मग जोयड्याच्या रानात लग्न लावून दिलं. लोंढ्यापर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी, आणि गाडीवाट संपली की पायी. घरासमोर भाताची खाचरं, मागं डोंगर, डोंगराच्या कुशीत देवीची राई. त्या राईतली काटकीसुद्धा कुणी मोडायचं नाही. घरात माणसं मोजकी. सासू, तिला मी आत्ती म्हणायची. सासरे, त्यांना मामंजी. आणि आमचे धनी. धनी एकुलते एक, स्वभावानं गरीब, बापापुढं ब्र न काढणारे. त्यांच्याविषयी तक्रार करायची म्हटलं तरी करता येत नाही. माणूस कधी काही बोललाच नाही तर तक्रार कशाची करणार?

लग्नाला बरीच वर्षं झाली आणि पाळणा काही हलेना. आधी बायका कुजबुजल्या, मग उघड विचारायला लागल्या. एक दिवस मामंजी उठले आणि कौल लावायला देवळात गेले. आमच्याकडं कौल म्हणजे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गुरवानं प्रश्न घालायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मामंजींनी पहिलाच प्रश्न घातला, दुसरी सून आणू का? मी खांबाआड उभी होते.  डावी पाकळी पडली.

मग गुरवानं फिरवून फिरवून विचारलं आणि त्यातनं कासव निघालं. झालं होतं असं, की त्याच आठवड्यात मामंजी राईच्या कडेला पालापाचोळा गोळा करत होते, आणि घरी येऊन पाटी ओतली तर त्यातनं मुठीत मावेल एवढं कासवाचं पिल्लू बाहेर पडलं. गुरव म्हणाला, देवीच्या राईतला जीव आपणहून तुमच्या घरी आलाय, तो उगाच नाही. पोटच्या पोरासारखा वाढवा. जाणता झाला की राईत नेऊन सोडा. सोडल्यावर वर्षभर वाट बघा, पाळणा हलेल. नाहीच हलला तर मग दुसरी आणायला तुम्ही मोकळे. पण तो जीव लहान आहे तोवर घरात दुसऱ्या सुनेचं नाव काढायचं नाही. प्रत्येक गोष्टीला उजवी पाकळी पडली.

मी तर आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. माझ्या डोक्यात एवढंच बसलं, की कासव मोठं होणार, राईत जाणार, आणि मला मूल होणार. 'नाहीच हलला तर' हे शब्द मी ऐकले होते, पण ते माझ्यासाठी नव्हतेच असं मी धरून चालले.

आता जाणतं झालं हे ओळखायचं कसं? तिथं देवळातच वाद जुंपला. एक म्हणाला, पाठीवरच्या चकत्यांत कडी पडतात ती बघायची. दुसरा म्हणाला, छे, शेपूट जाड झालं की समजायचं. कुणी म्हणालं, उताणं टाकावं, आपलं आपण पालथं झालं की ते जाणतं. ज्याला त्याला कासवातलं सगळं कळत होतं आणि कुणाचंच कुणाशी जमत नव्हतं. शेवटी गुरवानं वेताची काडी घेतली, विस्तवावर शेकून वाकवली, टोकं एकावर एक चढवून आवळली आणि देवीच्या पायाशी ठेवली. तपेलीच्या तोंडाएवढं कडं झालं. म्हणाला, दरसाल माघात जत्रेदिवशी कासव ह्या कड्यातनं सरकवायचं. गेलं आरपार तर ते पोर. अडकलं तर जाणतं. हे देवीचं माप, ह्यात पुन्हा माणसानं बोलायचं नाही.

कडं आमच्या चुलीवरच्या खुंटीला लटकलं आणि धुरानं काळं झालं. तिथनं माझ्या कपाळी कासवाची सेवा आली.

काय काय चारलं म्हणून सांगू! फणसाचे गरे, अळंबी, वेळूचे कोवळे कोंब, केळी, तांबडा भोपळा. पावसात गोगलगायी वेचून आणल्या. मला शिसारी यायची त्यांची, तरी आणल्या. स्वतःच्या ताटातलं काढून ठेवलं. रात्री कोल्ह्यानं नेऊ नये म्हणून पाटीखाली झाकायचं, पाटीवर धोंडा ठेवायचा, सकाळी उठून आधी ते बघायचं आणि मग चूल पेटवायची. आणि त्याचं तोंड बघावं तर सगळ्या जगाला कंटाळल्यासारखं. एक घास खायला एवढा वेळ लावायचं, की माझी भांडी घासून व्हायची.

दरसाल माघ यायचा. जत्रेदिवशी मामंजी कडं धरायचे, मी कासव धरायची, शेजारपाजारचे बघायला जमायचे. आणि दरसाल ते आरपार जायचं. पहिली काही वर्षं मी समजून घेतलं, की पिल्लू आहे, वेळ लागणारच. पण पुढं ते हातात जड लागायला लागलं. एका हातात मावायचं ते दोन्ही हातांत मावेना. पाठीवर चकत्यांत कडी पडली, शेपूट जाडलं, उताणं पडलं तर झटक्यात पालथं व्हायला लागलं. देवळातल्या त्या सगळ्या शहाण्यांनी सांगितलेल्या खुणा एकेक करून पटल्या. फक्त कड्याला पटेनात. मी श्वास रोखून धरायची, ते मेलं अलगद पलीकडं निघायचं, आणि आत्ती शांतपणे म्हणायची, "अजून पोर हाय." मला तिचं तोंड दाबावंसं वाटायचं.

आत्ती कमी बोलणारी बाई. दिवसभर काम आणि संध्याकाळी पायात वेत धरून सुपं, रोवळ्या विणायची. तिच्या विणीला सुपे गावच्या बाजारात मागणी होती. माझ्यावर कधी ओरडली नाही, पण कधी जवळही घेतलं नाही. कासवाचा विषय निघाला की मात्र ती ठाम. दिवाळी उलटली की कासवाच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाली यायची. मला वाटायचं डोळे आलेत, मी हळदीच्या पाण्यानं पुसत बसायची. आत्ती मामंजींना ऐकू जाईल अशी म्हणायची, की नाजूक जीव हाय, थंडी बाधती, ह्याला अजून लई सांभाळाया पायजे. थंडीभर लाली राहायची, मग जायची, पुढच्या दिवाळीनंतर परत यायची.

एकदा मी चिडून कोळसा घेतला, कासव गोठ्याच्या भिंतीशी धरलं आणि त्याच्या रुंदीच्या दोन रेघा ओढल्या. पुढच्या साली परत धरलं तर दोन्हीकडं चांगलं बोटभर बाहेर! मी आत्तीला ओढत नेऊन दाखवलं. म्हटलं, बघा, वाढतंय का नाही? मग कडं काय वेगळंच सांगतं? आत्तीनं वाकून बघितलं, 'व्हय की' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ती भिंत शेणानं सारवून टाकली. का, तर म्हणे जत्रा आलीय. मी दातओठ खात राहिले. सारवायला घरात दुसरी भिंत नव्हती का?

मामंजींनाही मी सांगितलं, वीत लावून बघा म्हटलं. ते म्हणाले, बाईमाणसाची वीत मोठी का देवीचं कडं मोठं? संपलं. गंमत अशी, की त्या घरात कासव लवकर वाढावं असं वाटणारी दोनच माणसं होती, मी आणि मामंजी. मला पोर हवं होतं, त्यांना नातू. त्यांनी सुप्याकडची एक मुलगी मनात धरूनही ठेवली होती, हे मला बाजारातल्या बायकांकडून कळलं होतं. आम्ही दोघं त्या कड्याकडं सारख्याच आशेनं बघायचो आणि सारखेच चडफडत परत फिरायचो. ती सुप्याची मुलगी वाट बघून बघून दुसरीकडं दिली. मामंजींनी मग हल्याळकडं बघायला सुरुवात केली. ज्या गुरवानं कडं वळलं तो म्हातारा होऊन मरूनही गेला, त्याचा मुलगा देवीची पूजा करायला लागला. कासव आपलं केळीखाली बसलेलंच.

माझ्या बरोबरीच्या बायकांची पोरं गुरं राखायला जायला लागली. बारशाला मला बोलवायचे, पण ओटी भरताना कुणी माझ्याकडं बघायचं नाही. कितीदा तरी मनात आलं, की कासव उचलावं आणि काळी नदीत भिरकावून द्यावं. एकदा तर उचललंही होतं. मग वाटलं, ह्याच्याबरोबर माझं मूलही जाईल. परत आणून केळीखाली ठेवलं, गऱ्याचा तुकडा दिला. त्यानं खाल्लाही नाही.

मग तो पौषातला दिवस आला. राखेच्या ढिगाशेजारी मी वांग्याला माती ओढत होते, तर जमीन उकरलेली दिसली. कोंबडीनं उकरलं असेल म्हणून हात घातला, तर आत तीन अंडी. पांढरी, लांबट, कोंबडीच्या अंड्याहून लहान. पलीकडं कासव उभं, मागचे पाय मातीनं भरलेले.  जे पोर म्हणून मी इतकी वर्षं वाढवत होते ते अंडी घालून बसलं होतं! आता कड्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. अंडी घालणाऱ्याला पोर कोण म्हणेल?

ओच्यात अंडी घेऊन मी धावत घरात शिरले. मामंजी आणि धनी रानात गेले होते. आत्ती दारात बसली होती, मांडीवर अर्धवट सूप, आणि बोटं चोळत होती. मी अंडी तिच्यापुढं धरली.

"आत्ती, अंडी घातली तिनं. आता तरी जाणती म्हणाल का न्हाई?"

आत्तीनं अंड्यांकडं बघितलं. आश्चर्य वाटलेलं काही दिसलं नाही. उठून तिनं बाहेर नजर टाकली, माझा हात धरला आणि मला भाताच्या कणगीपाशी नेलं. खांद्यापर्यंत हात भातात खुपसला आणि तळातनं एक वेताचं कडं वर काढलं. तपेलीच्या तोंडाएवढं. धुरानं काळं. मग चुलीवरच्या खुंटीचं कडं काढून तिनं त्याच्या शेजारी धरलं. ते हंड्याच्या तोंडाएवढं होतं.

मला आधी कळेचना. मग आत्तीनं एकेक करून सांगितलं. दरसाल जत्रा जवळ आली, की आत्ती थोडं मोठं कडं वळायची, धुरात काळं करायची आणि खुंटीला लावायची. जुनं चुलीत. घरात वेत नेहमीचाच, कुणाला शंका येणार? फक्त पहिलं कडं देवीच्या पायाशी ठेवलेलं, ते तिला जाळवलं नाही. कासव तर केव्हाच जाणतं झालं होतं. डोळ्यांभोवतीची लाली हीच त्याची खूण, हे आत्तीला तिच्या माहेरच्या रानात लहानपणापासून ठाऊक होतं. मी हळदीनं पुसत होते तो आजार नव्हताच. अंडीही ही पहिली नव्हती. दर थंडीत ती कासवावर नजर ठेवून माझ्याआधी उकरून काढायची. यंदा गुडघ्यामुळं तिला वेळेवर परड्यात जाववलं नाही, म्हणून माझ्या हाती लागली.

मी तिला नको नको ते बोलले. माझं मूल तुम्ही अडवून धरलं म्हटलं. देवीशी खोटं खेळलात म्हटलं. तिनं दोन्ही कडी खाली ठेवली. मग कणगीला टेकून खाली बसली.

"मी ह्या घरात दुसरी म्हणून आले," ती म्हणाली. "पहिली होती. तिला मोठी म्हणायचे. मूल न्हाई म्हणून मला आणली, तवा तिचं अंथरूण गोठ्यात गेलं. माझ्या बाळंतपणाला पाणी तिनं तापवलं, तुझ्या नवऱ्याला पहिली आंघोळ तिनं घातली. गोठ्यातच मेली. मी एक शब्द बोलले न्हाई."

त्या गोठ्याच्या भिंतीवर मी कोळशानं रेघा ओढल्या होत्या. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. घरात कुणी कधी मोठीचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

तरी माझा राग जाईना. म्हटलं, निदान मला सांगायचं होतं. इतकी वर्षं मी जळत होते ते तुम्ही बघत बसलात?

"तुझ्या तोंडावर सगळं उमटतं, बाय. तू चडफडायचीस म्हणून तर त्यास्नी खरं वाटायचं. तू गप राहिली असतीस तर त्यांनी कडंच तपासलं असतं."

"आणि माझं मूल?"

"देवी द्यायची असंल तर कासवाला इचारून देणार न्हाई. दंड लावायचा तर मला लाव म्हणून मी तिला सांगून ठेवलंय. मूल न्हाई झालं तर रडशील. सवत आली तर रडायला जागाबी ऱ्हायची न्हाई." मग तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढं केले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. "यंदा माझ्यानं वेत वळत न्हाई."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. कासवाला खायलाही घातलं नाही. मनात सारखं घोळायचं, की ते लहान कडं मामंजींपुढं टाकावं, कासव राईत जाऊ द्यावं, आणि होऊ दे माझं मूल. वर्षभरात होईल. का होणार नाही? मग रात्री गोठ्यातनं म्हैस रेकायची आणि मला त्या कोपऱ्यातलं अंथरूण दिसायचं. 'नाहीच हलला तर' हे जे शब्द तेवढी वर्षं मी कानाआड केले होते ते आता कानातनं जाईनात. तिसऱ्या दिवशी मी कोयता घेतला आणि ओढ्याकडं वेत तोडायला गेले.

मला वेतकाम येत नव्हतं. आत्ती शेजारी बसून सांगत होती, की इथं शेक, आता वाकव, घाई नको, मोडंल. दोनदा मोडलाच. बोटं पोळली. तिसऱ्यांदा जमलं. कासव आणून सरकवून बघितलं, दोन्हीकडं थोडी जागा राहिली. आत्ती म्हणाली, बास, एवढंच. आणि मग आम्ही ते धुरात लावलं.

माघातली जत्रा आली. माणसं जमली. मामंजींनी कडं हातात घेतलं, नेहमीसारखं कपाळाला लावलं.  मी कासव उचललं. तिनं डोकं आत ओढून घेतलं. मी ठरवून आले होते, की आरपार गेलं की नेहमीसारखं चडफडायचं, कपाळावर हात मारून घ्यायचा, म्हणजे कुणाला संशय यायला नको. कसं करायचं ते दोन दिवस मनात घोकलं होतं.

कासव सरकलं. कड्याला जरासुद्धा न घासता पलीकडं गेलं. "अजून पोरच!" असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातून कपाळावर हात मारणं राहूनच गेलं. मी मातीत बसले आणि गळा काढून रडले. सोंग करायची वेळच आली नाही.  आत्तीनं येऊन आयुष्यात पहिल्यांदा मला पोटाशी धरलं, तिच्या वाकड्या बोटांनी.

मामंजी पुढं आले. कडं माझ्या हातात देत म्हणाले, "रडू नगं, पोरी. पुढल्या साली होईल मोठं."

मी डोळे पुसले, मान हलवली, आणि पुढल्या सालचं कडं केवढं वळायचं ते मनातल्या मनात धरून ठेवलं.